मर्सेन संख्या (२ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या) मूळ आहे का, हे वहीत तपासण्याची रीत
फोंड्यातील वा डिचोलीतील ज्या विद्यार्थ्यांना २०२४ मध्ये सापडलेल्या, ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येचे, म्हणजे २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचे नवल वाटते, त्यांनी तिची खातरजमा करणारी ल्युका-लेमर कसोटी आधी १२७ वर, म्हणजे २ च्या सातव्या घातातून १ वजा करून, पडताळावी. ४ पासून आरंभ करून वर्गातून २ वजा करावेत, १२७ ने भागून बाकी ठेवावी आणि हे पाच वेळा, घातांकापेक्षा दोन कमी, करावे: १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आले, म्हणून १२७ मूळ आहे. या कसोटीसाठी घातांक विषम मूळ हवाच. मात्र तेवढ्याने भागत नाही, कारण ११ मूळ असूनही २ च्या अकराव्या घातातून १ वजा केल्यावर येणारी २०४७ म्हणजे २३ × ८९. एकही भाजक न शोधता मिळणारा हा निर्णय मला गणितातील अत्यंत देखण्या गोष्टींपैकी एक वाटतो.