कार्ड घासू नका, खोचा

सांगलीच्या गणपती पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते. लग्नसराईत रुखवताची भांडी घेऊन झाली की माणसं कार्ड पुढं करतात, "ताई, घासा." मी मशीनच त्यांच्याकडं सरकवते. "काका, तुम्हीच खोचा. सोनेरी चौकोन, म्हणजे चिप, वर ठेवा, तीच बाजू आत. मशीन सांगेपर्यंत काढू नका."

चिपची कार्डं यायच्या आधीची गोष्ट. माझ्या नणंदेनं प्रवासात एका हॉटेलात कार्ड वेटरच्या हाती दिलं, वर पिनही तोंडी सांगितला. आठवड्यात परगावच्या एटीएममधून पैसे गेले. कार्ड मात्र तिच्या पर्समध्येच होतं! कार्ड घासलं की मशीन मागची काळी पट्टी वाचतं, आणि त्या पट्टीवरची माहिती कायम तीच राहते. एकदा उतरवून घेतली की दुसऱ्या कार्डावर चढवता येते.

चिपचं तसं नाही. तिच्यात एक गुप्त किल्ली असते, ती बाहेर पडतच नाही. दर व्यवहाराला चिप त्या किल्लीनं नवा संकेत बनवते आणि बँक तो पडताळते. आजचा संकेत कुणी चोरला तरी उद्या चालत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं नुसत्या पट्टीची कार्डं बदलायला ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत दिली होती.

पण चिपच्या कार्डामागंही पट्टी असतेच. चिप लागली नाही तर कोरड्या मऊ कापडानं पुसून पुन्हा खोचा. तरी नाही लागली तर पट्टी घासू देऊ नका. रोख द्या आणि बँकेतून कार्ड बदलून घ्या. कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. पिन दाबताना दुसरा हात वर आडवा धरा, आमच्या दुकानातसुद्धा. मला त्याचा राग येत नाही.

कार्ड मशीनला नुसतं टेकवून ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय पैसे जातात. तिथंही चिपच काम करते, पण हरवलेलं कार्ड कुणीही टेकवू शकतो. गरज नसेल तर बँकेच्या ॲपमधून ही टेकवायची सोय बंद ठेवा. ऑनलाइन खरेदीचंही तसंच करा, कारण तिथं चिपचा संबंधच येत नाही, कार्डावरचे आकडे टाकले जातात. आणि ओटीपी कुणालाही सांगू नका.

पैसे गेलेच तर आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागंच छापलेला असतो, कार्डाबरोबर तोही जातो. आजच वहीत उतरवून ठेवा.