नवा सुपरमॅन आला तं पोस्टरवरून भांडाच्या आधी हे करा

राजेहो, एखादा सुपरहिरो नव्या हिरोले घेऊन पुन्हा पह्यल्यापासून सुरू झाला, म्हंजे रिबूट आला, का आपले पोट्टे पोस्टर पाहूनच निकाल लावून मोकळे होतात. मीबी तेच केलं. २०२३ मध्ये नवा सुपरमॅन म्हणून डेव्हिड कोरेनस्वेटचं नाव आलं तवा ग्रुपवर टाकलं का आधीचा सुपरमॅन हेन्री कॅव्हिलच्या खांद्यापुढं हे पोरगं म्हंजे पऱ्हाटीतलं तणकट, आन आता तोच मेसेज पोट्टे मले परत परत पाठवतात. म्हणून पह्यलं काम, नाव आलं का चूप बसाचं. १९८९ च्या बॅटमॅनसाठी मायकल कीटनले घेतलं तवा लोकायनं स्टुडिओले हजारो पत्रं धाडली होती का हा नको, आता त्याचंच कौतुक सांगत फिरतात.

रिबूट काहून आला तेबी समजून घ्या. स्पायडरमॅनचे २००२, २०१२ आन २०१७ असे पंधरा वर्षांत तीन हिरो झाले. सोनी कंपनीकडं त्याच्या पिच्चरचे हक्क म्हंजे मक्त्यानं घेतलेलं वावर, पडीत ठेवलं तं मालक परत घेईन. म्हणून पेरत राहा लागते. सगळेच रिबूट असे नसतात, पण हे माहीत असलं तं निम्मा राग तिथंच उतरते.

आता पिच्चर. ११ जुलै २०२५ ले लागला, म्हंजे आपल्याकडं डवरणीचे दिवस, घरी काय सांगून निंगाचं ते तुमचं तुम्ही पाहा आन शेवटची एसटी आधीच विचारून ठेवा, मी नाही विचारली तं रात्री दीड वाजेपर्यंत स्टँडवर डास मारत बसलो. आपल्या इकडं हिंदीच लागते, त्यात आवाज दुसऱ्याचा असते, म्हणून ॲक्टिंगचा हिशोब आवाजावरून नका करू. डोळे पाहा, हात पाहा, आन मंग घरी मोबाईलवर इंग्रजीत एकदा पाहा. एका जागी सीन खटकन तुटते, तो एडिटरचा दोष नाही, आपल्या सेन्सॉरनं चुम्म्याचे ३३ सेकंद कापले.

सुपरमॅनच्या ड्रेसवरच्या लाल चड्डीवर हसाल तं आधी ऐका. २०१३ च्या कॅव्हिलवाल्या पिच्चरमध्ये ती काढली होती. दिग्दर्शक जेम्स गनच्या मनात यावेळी ठेवाची का नाही असं चाललं होतं, तवा कोरेनस्वेटच म्हणला का हा परग्रहावरचा एवढा ताकदवान गडी, लेकरं भेली नाही पायजे, म्हणून असा रंगीत ड्रेस पायजे. मले तं तिथंच पोरगं पटलं. व्हिलन लेक्स लूथर झालेला निकोलस हूल्टबी नीट पाहा, त्यानं सुपरमॅनसाठीच ऑडिशन दिली होती, म्हणून त्याची जळजळ मले खरी वाटते.

पण रिबूटची खरी परीक्षा उडण्यात नाही, स्मॉलव्हिल नावाच्या त्याच्या गावातल्या घरात आहे. कारण हा गडी शेवटी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शेतकऱ्यानं वाढवलेला पोरगा. १९७८ च्या पिच्चरमध्ये त्याचा बाप हार्ट अटॅकनं गेला, २०१३ च्यात वादळानं नेला, यावेळी मायबाप दोघंबी जिते आहेत, साधे, जरा ढेरपोटे, पोराशी बोलतांनी कंठ दाटणारे. पोरगा मार खाऊन घरी येते आन बाप त्याच्याजवळ बसून बोलते, तो सीन येईन तवा चिवड्याची पुडी वाजवू नका. माहे बाबा युरियाच्या थैलीच्या तुकड्यात मोबाईल गुंडाळून वावरात नेतात, नाव पाहाले तो तुकडा वरूनच पुसतात, आन मंग असे हालो हालो वरडतात का बाजूच्या धुऱ्यावरची बैलजोडी थांबते. ते डोळ्यापुढं आले आन मी अंधारात नाक पुसत बसलो. कॅव्हिलच्या वेळी असं झालं नवतं, खांदे किती का रुंद असेना.

सुपरमॅनसोबतच्या क्रिप्टो कुत्र्याबद्दल जास्त सांगत नाही, लेकरायले घेऊन जा, बस.

नंतर मोबाईलवर बाबांनाबी दाखवला. त्यायनं शेवटपर्यंत पाह्यला, मोठमोठ्या बिल्डिंगा पडल्या तवा एक शब्द नाही बोलले, आन संपल्यावर इचारलं, "एवढ्या वावरात दोघंच बुढाबुढी, निंदाले बाया कुठून आणतात हे?"