पूर्वमोसमी आठवड्याचा हवामान अंदाज वाचताना या चुका टाळा

मार्च ते मे हे तीन महिने भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात पूर्वमोसमी हंगाम म्हणून ओळखले जातात. या काळात एकाच आठवड्यात विदर्भात उष्णतेची लाट, मराठवाड्यात गारपीट आणि कोकणात दमट उकाडा असे तीन वेगळे इशारे एकत्र दिसणे नवीन नाही. ‘अंदाज चुकला’ ही तक्रारही याच दिवसांत वारंवार ऐकू येते. त्यातील काही तक्रारी रास्त असतात, परंतु बऱ्याच वेळा मोठ्या प्रदेशासाठी आणि दूरच्या दिवसासाठी सांगितलेली गोष्ट आपण आपल्या शिवारासाठी आणि आजच्या दुपारसाठी सांगितली आहे असे समजून वाचलेली असते.

‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द वगळून वाचणे

हवामान विभागाने महाराष्ट्राचे कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ असे भाग केले असून कोकणाचा भाग गोव्यासह मोजला जातो. साप्ताहिक अंदाजातील वाक्य प्रथम या भागांसाठी लिहिलेले असते. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता’ असे म्हटले, की ते नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतच्या पट्ट्याविषयी असते आणि त्यातील ‘तुरळक’ला ठरलेला अर्थ असतो: त्या भागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. त्यामुळे तुरळक पावसाच्या अंदाजाच्या दिवशी चारपैकी तीन केंद्रे कोरडी राहिली, तरी अंदाज बरोबरच ठरतो.

वळवाच्या पावसाचे स्वरूपही याच शब्दाला साजेसे असते. जमीन तापून हवा वर चढते, अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्प तिला मिळते, आणि विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटकाच्या अंतर्भागातून जाणारा कमी दाबाचा पट्टा किंवा वाऱ्यांची विसंगती, म्हणजे वेगवेगळ्या दिशांचे वारे एकमेकांना भिडणारी रेषा, असेल तर ढगांचे मनोरे उभे राहतात. हा पट्टा कोणत्या जिल्ह्यांवरून जाणार हे काही दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते. त्यातील कोणता मनोरा कोणत्या गावावर रिता होणार, हे मात्र बहुधा त्याच दुपारी कळते, कारण एकेका ढगाचे आयुष्य बरेचदा तासाभराहून अधिक नसते.

तारखांची गल्लत

अंदाजातील दिवस मध्यरात्री बदलत नाही. एखाद्या तारखेसाठी दिलेला इशारा त्या दिवसापासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत लागू असतो. म्हणजे मंगळवारच्या इशाऱ्यात बुधवारच्या पहाटे दोन वाजताचे वादळही येते. पावसाची नोंद उलट दिशेने केली जाते: सकाळी साडेआठला मागील चोवीस तासांचा पाऊस मोजतात आणि तो मोजणीच्या दिवशीच्या तारखेखाली लिहितात. परिणामी मंगळवारी संध्याकाळी पडलेला पाऊस अंदाजात मंगळवारचा, तर आकडेवारीत बुधवारचा ठरतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा ताळा जुळत नसेल, तर इतर कशाहीआधी ही एक गोष्ट तपासावी.

रंगाला पावसाचे माप समजणे

हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटनेची तीव्रता, तिचा संभाव्य परिणाम आणि शक्यता यांचा विचार केलेला असतो. रंगातून पावसाचे मिलिमीटर वाचता येत नाहीत. पिवळा रंग पाहून निर्धास्त राहणे ही या हंगामातील सर्वांत धोक्याची चूक आहे असे मला वाटते, कारण विजांचा इशारा अनेकदा पिवळ्या रंगातच येतो आणि पडणारी वीज रंगाची पर्वा करत नाही.

चाळीस अंश म्हणजे लाट, हा समज

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सिअस झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही. त्यानंतरही ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असावे लागते. त्याहून अधिक असल्यास लाट तीव्र मानतात. तापमान थेट ४५ अंशांवर गेले, तर सरासरी न पाहता लाट आणि ४७ वर गेले तर तीव्र लाट धरली जाते. शिवाय त्या भागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती असावी लागते. म्हणूनच चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असूनही लाटेचा इशारा नसतो, कारण तेथील सरासरीच त्याच्या आसपास असते. मुंबईची मार्चमधील सरासरी मात्र ३३ अंशांच्या जवळपास असल्याने तेथे ३८ अंशही लाटेचे ठरू शकतात.

मुंबईचा पारा असा अचानक का चढतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. जमिनीकडून येणारे पूर्वेचे वारे दुपारपर्यंत टिकले आणि समुद्रावरून येणारे खारे वारे उशिरा सुरू झाले, की तापमान भराभर वाढते. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझ येथे ४१.७ अंशांची नोंद झाली होती. खारे वारे वेळेवर आले तर पारा उतरतो, पण दमटपणामुळे घामाच्या धारा थांबत नाहीत. त्या दिवसांसाठी ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशारा असतो, त्यामुळे केवळ तापमानाचा आकडा पाहून उन्हात कामाचे नियोजन करू नये. तो आकडाही सावलीतल्या, हवेशीर पेटीतल्या तापमापकाचा असतो. पत्र्याच्या शेडखालचा किंवा डांबरी रस्त्यावरचा नव्हे.

सातव्या दिवसाचे चित्र पक्के मानणे

मोबाइलवरील अनेक ॲप एखाद्या संगणकीय प्रारूपाचे उत्तर सरळ चित्ररूपात दाखवतात. ही प्रारूपे दिवसातून अनेकदा नव्याने चालवली जातात, म्हणून सकाळचा ढग संध्याकाळी सूर्य होतो. आठवड्याच्या टोकाकडील दिवसांसाठी तापमान चढेल की उतरेल एवढा कल घ्यावा. दुपारी चारच्या पावसाचे चित्र दिसले तरी त्यावर कार्यक्रम ठरवू नये. हवामान विभाग दर गुरुवारी पुढील आठवड्यांचा जो विस्तारित अंदाज देतो, तोही आठवडाभराच्या सरासरीबद्दल बोलतो, विशिष्ट वाराबद्दल नाही.

एका सरीनंतर संकट टळले असे धरणे

कमी दाबाचा पट्टा आणि बाष्पाचा पुरवठा टिकून असेल, तर वादळे त्याच भागात दिवसामागून दिवस उठतात. २०१४ साली फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांना गारपिटीने वारंवार झोडपले होते. सकाळचे निरभ्र आकाशही दिलासा देणारे नसते. तेच ऊन दुपारच्या ढगांना बळ देते.

नुकसानीचा हिशेब न करता टक्केवारी वाचणे

पंचवीस टक्के शक्यता सर्वांसाठी सारखी नसते. लग्नाचा मांडव बंदिस्त सभागृहात असेल, तर ती दुर्लक्षिता येते. तासगावकडे बेदाणा रॅकवर वाळत असेल किंवा नाशिककडे काढलेला कांदा शेतात पसरलेला असेल, तर तीच शक्यता ताडपत्री जवळ आणून ठेवण्यास पुरेशी आहे. शेतकऱ्यांनी राज्यभराच्या बातमीवर विसंबण्यापेक्षा मंगळवारी आणि शुक्रवारी मिळणारा जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला पाहावा आणि फवारणीचा दिवस त्यातील पाऊस व वाऱ्याच्या अंदाजावरून ठरवावा.

शेवटच्या काही तासांसाठी मात्र साप्ताहिक अंदाज बाजूला ठेवून पुढील तीन तासांचा तात्कालिक इशारा पाहावा. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवते. मोबाइलला रेंज नसेल, तर गडगडाट ऐकू येताच एकाकी झाड सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास उलटेपर्यंत बाहेर पडू नये.