डोळे मिटून ओळखा: दुखऱ्या हाताचा रोजचा सराव

मोरीत पाय घसरून पडले आणि माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं होतं, पण हाताची आग थांबेना. बांगडी टेकली तरी कळ जायची. डॉक्टरांनी सीआरपीएस असल्याचं सांगितलं, म्हणजे इजा भरून आली तरी हातात किंवा पायात रेंगाळणारं तीव्र दुखणं. फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी मला डोळे मिटायला लावून मनगटाला हलकेच बोट लावलं. "कुठे लागलं?" मी दाखवलेली जागा दोन बोटं चुकली. डाव्या हातावर मात्र एकदाही चुकले नाही.

मेंदूत सगळ्या शरीराचा नकाशा असतो. माँट्रियलचे मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ साली तो मांडला. दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळलं की त्या भागाचा नकाशा पुसट होऊ शकतो. तो पुन्हा ठसठशीत करण्यासाठी हा सराव.

बॉलपेनने दुखऱ्या भागावर पाच ठिपके काढा, त्यांना १ ते ५ आकडे द्या. पेनचं टोपण आणि बाटलीचं बूच घ्या. एक टोकदार, एक रुंद. ठिपके नीट पाहून घ्या, मग मान वळवून डोळे मिटा. घरातल्या कुणीतरी, माझ्याकडे सूनबाईने, कुठल्याही क्रमाने एकेका ठिपक्याला टोपण किंवा बूच टेकवायचं. तुम्ही सांगायचं: "तीन, बूच." चुकलं तर तिने लगेच बरोबर उत्तर सांगायचं. दोन स्पर्शांत साधारण पंधरा सेकंद जाऊ द्या. चोवीस स्पर्शांचा एक फेरा, असे तीन फेरे, मध्ये थोडी विश्रांती. अर्ध्या तासात आटोपतं.

टीव्ही बंद ठेवा. हे मी फार कळकळीने सांगते, कारण पहिले आठ दिवस मी मालिका बघत हात पुढे करून बसायचे आणि काडीचा फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियाचे वेदना-संशोधक लोरिमर मोझली आणि सहकाऱ्यांनी २००८ साली सीआरपीएसच्या १३ रुग्णांवर हेच तपासलं होतं. नुसता स्पर्श करून दुखणं हललं नाही. कुठे लागलं, कशाने लागलं हे ओळखायला लावलं तेव्हा ते कमी झालं. मन लावून ओळखणं हेच इथलं औषध आहे.

स्पर्शच सोसत नसेल तर दुखऱ्या जागेपासून वर, कोपराकडे सुरुवात करा आणि रोज थोडं खाली सरका. सराव संपल्यावर ठणका थोडा वाढून तासाभरात उतरला तर चालेल. रात्रभर राहिला तर दुसऱ्या दिवशी एकच फेरा. जखम, ताप किंवा नवी सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

एका वहीत रोजचा हिशेब लिहा. माझ्या पहिल्या पानावर ७२ पैकी ३१ आहे. ६० च्या वर जायला सात आठवडे लागले. तिथे पोचल्यावर ठिपके जवळजवळ काढा, म्हणजे परत अवघड होतं. स्वयंपाकघरातही करता येतं: गव्हाच्या परातीत दहा राजमे टाकून न बघता वेचायचे.

पाठदुखीसाठी हेच पाठीवर करतात, पण ठिपके लांब ठेवावे लागतात. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोकं वेगळी कळतात, पाठीला चारएक सेंटीमीटर अंतर लागतं. ऑस्ट्रेलियातच २७६ जणांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा सराव हालचालींच्या व्यायामाला जोडला होता. नुसते दिखाऊ उपचार मिळालेल्यांपेक्षा त्यांचं दुखणं दहापैकी साधारण एका गुणाने जास्त उतरलं. थोडंच, पण ज्याची पाठ वर्षानुवर्षं दुखते त्याला विचारा.

आता माझा नातू बोटाने मनगटावर अक्षरं काढतो. तीस वर्षं पहिलीच्या मुलांना मी अक्षरं गिरवायला लावली, आज तो मला ओळखायला लावतो. ट, ठ आणि ढ यांत अजून गोंधळ होतो. परवा मात्र 'क्ष' पहिल्याच खेपेला ओळखला.