ग्रँड नदीकाठी नव्याने आलेल्यांसाठी : स्मॉलमाउथ बास गरवण्याबद्दल

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या किचनर, वॉटर्लू, केंब्रिज, ब्रँटफर्ड या पट्ट्यात दर सप्टेंबरला आणि जानेवारीला आपली नवी माणसं येऊन उतरतात. पहिले काही महिने बँक, भाडं, बसपास आणि थंडीचे बूट यांतच जातात. उन्हाळा लागला की कुणाला तरी पुलावरून गुडघाभर पाण्यात उभा राहून गळ फेकणारा माणूस दिसतो, आणि मग मला विचारणा होते, "काकू, आपल्यालाही इथे गरवता येतं का हो?" येतं की. मी चिपळूणची, वाशिष्ठीच्या काठची. लग्न होऊन इथे आले आणि ग्रँड नदीची झाले. इथे नवख्याने धरावा असा मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. त्याच्याबद्दल सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

आपली मंडळी आधी दुकानात जाऊन रॉड घेतात, मग नदीवर जातात आणि सगळ्यात शेवटी लायसन्सचं विचारतात. हा क्रम बरोबर उलटा हवा. आधी लायसन्स, मग नदीकाठाने नुसतं हिंडणं, आणि रॉड शेवटी.

लायसन्स ऑन्टारिओ सरकारच्या संकेतस्थळावर मिळतं. त्याआधी आउटडोअर्स कार्ड काढावं लागतं, ते तीन वर्षं चालतं. १८ ते ६४ वयाच्या सगळ्यांना हे दोन्ही लागतं. नवीन माणसाची गफलत होते ती 'रहिवासी' या शब्दापाशी. मागच्या १२ महिन्यांत सलग सहा महिने ऑन्टारिओत राहून झालेले नसतील तर या कामापुरते तुम्ही रहिवासी नाही, खिशात स्टडी परमिट असो की पीआर (कायम रहिवासाचं) कार्ड. मग परप्रांतीयांच्या किंवा परदेशी पाहुण्यांच्या दराचं लायसन्स घ्यावं लागतं आणि ते महाग पडतं. माझं ऐकाल तर सहा महिने थांबा. जुलैच्या सुरुवातीच्या सुमारास एक आठवडा बिनलायसन्स गरवायची मुभा असते. पण तीही कॅनडात सहा महिने काढलेल्यांनाच, आणि त्या दिवसांत सरकारी ओळखपत्र जवळ लागतं.

लायसन्स दोन प्रकारचं, स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन. सरकारने मासेमारीसाठी प्रांताचे झोन पाडले आहेत, त्यांतल्या झोन १६ मध्ये ग्रँड नदी येते. तिथे स्पोर्टवाल्याला बास सहा ठेवता येतात, कॉन्झर्व्हेशनवाल्याला दोन. कॉन्झर्व्हेशनच घ्या. स्वस्त आहे, आणि दोनापेक्षा जास्त मासे घरी न्यायची वेळ नवशिक्यावर येत नाही. एका माणसाने एकच गळ पाण्यात टाकायचा. गावाकडच्यासारख्या काठावर चार काठ्या रोवून गप्पा मारत बसणं इथे चालत नाही. कॉन्झर्व्हेशन ऑफिसर कधीही काठावर येऊन लायसन्स, पिशवी आणि गळ बघू शकतो. बहुतेक जण सौजन्याने बोलतात, तुम्हीही तसंच बोला.

बासचा सीझन जूनच्या उत्तरार्धातल्या एका शनिवारी उघडतो. नेमकी तारीख दर वर्षीच्या फिशिंग रेग्युलेशन्स समरीत (मासेमारीच्या नियमांच्या सरकारी पुस्तिकेत), झोन १६ च्या पानावर बघायची. मागच्या वर्षीच्या माणसाला विचारून जायचं नाही. मे महिन्यात नदीकाठी बास डोळ्यांना दिसतात, अगदी उथळ पाण्यात, आणि तेव्हाच त्यांना हात लावायचा नसतो. पाणी साधारण १५ अंशांच्या पुढे तापलं की नर शेपटीने रेती-खडे झाडून ताटाएवढं घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढे अंड्यांवर आणि पिल्लांवर पहारा करतो तो एकटा नर. त्याला पाच मिनिटं जरी बाहेर काढलं तरी तेवढ्यात दुसरे मासे घरटं साफ करतात. म्हणून सीझन बंद असताना "पकडून लगेच सोडतो" हेही बेकायदा आहे. आषाढ-श्रावणात चढणीचे मासे न मारणारी माणसं आपल्याकडेही होती, त्यामुळे हा नियम कोकणातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागू नये.

आता नदी. ग्रँड डंडॉकच्या बाजूच्या पठारावर उगम पावते आणि जवळजवळ ३०० किलोमीटर वाहून पोर्ट मेटलंडला लेक ईरीला मिळते. एलोरापाशी चुनखडकाची खोल घळ आहे, तिच्याही वर १९४२ चं शँड धरण. धरणाखालचं पाणी थंड, म्हणून तिथे ट्राउट मासे आणि तिथले नियम निराळे : काही टप्प्यांत फक्त कृत्रिम आमिष, उलटा काटा नसलेला एकच गळ. नवख्याने तिकडे जाऊच नये. बाससाठी आपला पट्टा खालचा, किचनरपासून केंब्रिज, ग्लेन मॉरिस ते पॅरिस. पॅरिसला निथ नदी येऊन मिळते, केंब्रिजला स्पीड.

गाडी नसली तरी अडत नाही. जीआरटीच्या (ग्रँड रिव्हर ट्रान्झिट, इथली शहर-बससेवा) बसने केंब्रिजच्या एन्स्ली टर्मिनलला उतरलात की नदी चालत काही मिनिटांवर. गावाच्या दक्षिणेला जुन्या रेल्वेमार्गावर केलेली केंब्रिज–पॅरिस रेल ट्रेल लागते. १८ किलोमीटरची सपाट वाट, नदीला लागून, वर झाडांची सावली. जुनी सायकल मिळवा आणि जूनच्या आधी एक-दोन रविवार या वाटेवर रॉड न घेता घालवा. पायवाटा पाण्यापर्यंत कुठे उतरतात, पाणी कुठे खळखळतं, कुठे गप्प होतं, मोठे धोंडे कुठे आहेत, हे बघून ठेवा. ऑगस्टमध्ये पाणी उतरलं की आणखी एक चक्कर. तेव्हा नदीची हाडं दिसतात, आणि ती बघितलेल्या माणसाला सप्टेंबरात गळ कुठे टाकायचा हे सांगावं लागत नाही. नदीचा एकच किलोमीटर निवडा आणि तोच पाठ करा. दर वेळी नवी जागा शोधणारे लोक दर वेळी नवखेच राहतात.

या माशाला दगड आवडतात, चिखल नाही. दगडाखाली क्रेफिश असतात, नांग्या असलेला झिंग्याच्या जातीतला जीव, तो याचा आवडता घास. वाहत्या पाण्यात उभं राहण्यात ताकद खर्च होते, म्हणून बास धारेच्या अगदी शेजारी, पण धारेबाहेर थांबतो. मोठ्या धोंड्याच्या मागे, पुलाच्या खांबाच्या आडोशाला, पडलेल्या झाडाच्या सावलीत. खळाळतं पाणी जिथे डोहात उतरतं ते तोंड, आणि वेगाचं पाणी व संथ पाणी एकमेकांना घासतं ती रेघ, या दोन जागा आधी बघा. त्या रेघेवर फेस वाहत जाताना दिसतो, फेसाच्या मागे मागे आमिष जाऊ द्या. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना मासा खोल डोहात किंवा खडकाच्या सावलीत जातो. सूर्य कलला की उथळ खळाळाकडे येतो. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळचे शेवटचे दोन तास बाकी सगळ्या दिवसाला भारी.

सामान थोडं लागतं. साडेसहा ते सात फुटांचा मीडियम किंवा मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, २५०० नंबरचं रीळ, सहा किंवा आठ पाउंड ताण सोसणारा तंगूस. कॅनेडियन टायर नावाच्या दुकानातला साधा संच पहिली दोन वर्षं पुरतो. आमिषात तपकिरी किंवा शेवाळी रंगाच्या रबरी ट्यूब, तीन-साडेतीन इंची, आत एक अष्टमांश औंसाचं जिगहेड, म्हणजे डोक्याला वजन असलेला गळ. ही ट्यूब तळाला क्रेफिशसारखीच दिसते. सोबत एक-दोन फिरत्या पात्याचे स्पिनर, आणि संध्याकाळसाठी पाण्यावर पचक-पचक करणारा एक पॉपर. पोलराइज्ड गॉगल मात्र चांगला घ्या, पाण्याची चकाकी गेली की दगड दिसतात आणि दगड दिसले की पाय वाचतात. वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) नको. उन्हाळ्यात जुनी अर्धी चड्डी आणि न घसरणारे जुने बूट पुरतात.

जिवंत आमिषाच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, नियम फार आहेत. क्रेफिश पकडून दुसऱ्या नदीवर नेणं तर सरळ बंद आहे, ज्या पाण्यात धरला तिथेच वापरायचा. उरलेलं जिवंत आमिष पाण्यात ओतणंही गुन्हा. परक्या जातींनी इथल्या तळ्या-नद्यांचं वाटोळं केलेलं आहे. काळ्या समुद्राकडून जहाजांच्या पाण्यातून आलेला राउंड गोबी मासा आता बासची अंडी खातो.

फेकायचं कसं? धारेच्या वरच्या अंगाला तिरकं. ट्यूब तळाला टेकू द्या, तंगूस हलका ताणून धरा आणि पाण्यालाच तिला दगडांवरून टक-टक करत खाली आणू द्या. तुम्ही फार ओढाओढ करू नका. टक-टक चालू असताना मधेच ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागलं, की तो मासा. हिसका द्या. दगड असेल तर जिग जाईल. जिग जात नसतील तर तुम्ही तळाशी गरवतच नाही आहात, म्हणून डझनभर जास्तीची ठेवा. मासा लागला की तो हमखास पाण्याबाहेर उसळी घेतो आणि डोकं झटकतो. तेव्हा रॉडचं टोक खाली घ्या, तंगूस सैल पडू देऊ नका. फूटभर बाससुद्धा या प्रवाहात असा काही ओढतो की पहिल्यांदा तो हातभर वाटतो.

ओळख नीट करून घ्या. अंग काशाच्या रंगाचं, कुशीवर उभे काळपट पट्टे, डोळा बऱ्याचदा तांबडा, जबड्याचं टोक डोळ्याच्या पुढे जात नाही. जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेला असेल तर तो लार्जमाउथ. तांबड्या डोळ्यांचा, बसका, छोटा असेल तर रॉक बास. आणि ओठ खाली वळलेला, खवल्यांचा, कार्पसारखा एखादा आला तर तो रेडहॉर्स असू शकतो. त्यातली ब्लॅक रेडहॉर्स ही जात इथे संरक्षित आहे. ज्या माशाचं नाव तुम्हाला सांगता येत नाही तो पाण्यात परत.

यानंतर हटकून येणारा प्रश्न : सोडायचाच तर धरायचा कशाला? सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांनीही विचारलं, आणि दिवसभर उन्हात उभं राहून रिकाम्या हाताने घरी येणाऱ्या सुनेबद्दल त्यांचं मत फारसं बदललं नाही. माझं उत्तर साधं आहे. या थंड देशात बास फूटभर व्हायला साधारण चार-पाच वर्षं लागतात. दीड फुटाचा मासा म्हणजे वयाने मोठं जनावर. एका किलोमीटरमध्ये असे थोडेच, आणि तो तुमचाच किलोमीटर आहे. खाण्याला कायद्याची ना नाही, मीही हंगामात एखाद-दुसरा मध्यम आकाराचा आणते. पण नदीकाठच्या गावांचं शुद्ध केलेलं सांडपाणीही याच नदीत येतं, माशांत पारा साठतो, आणि मोठ्या माशात जास्त. सरकारचं 'गाइड टू ईटिंग ऑन्टारिओ फिश' आहे, त्यात जागेनुसार आणि लांबीनुसार महिन्याला किती वेळा खावं ते दिलेलं आहे. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी आकडे वेगळे आहेत. ते बघितल्याशिवाय चूल पेटवू नका. घरी न्यायचा झाला तर काठावर तुकडे करत बसू नका. माशाची जात आणि संख्या ओळखता आली पाहिजे असा नियम आहे, म्हणून फिले (काटे काढलेला तुकडा) केलं तरी कातडीचा तुकडा राहू द्या. आणि खरंच रवा लावून तळायचा मासा हवा असेल तर पोर्ट डोव्हरला जा. लेक ईरीचा यलो पर्च तिथे ताजा मिळतो, आणि चवीला तो बासच्या वरचढ आहे.

सोडायचा मासा हात ओला करून धरायचा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो. खालचा ओठ अंगठ्याने पकडून आडवा आधार द्या. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवला असेल तर क्षणात सुटतो. फोटो एकच.

आता धोक्याचं. केंब्रिजचं पार्कहिल, पॅरिसचं पेनमन्स, ब्रँटफर्डचं विल्क्स ही बुटकी धरणं दिसायला आपल्या बंधाऱ्यांसारखीच दिसतात, आणि आपली मुलं फोटोसाठी नेमकी तिथे उतरतात. खाली पडणारं पाणी तळाशी मागे वळतं आणि माणसाला परत परत आत ओढतं. पट्टीचा पोहणाराही त्यातून निघत नाही. धरणाच्या वरही नाही, खालीही नाही, लांबच राहायचं. ही नदी वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यावरही चालते. इथे आकाश निरभ्र असताना वर पाऊस पडून पाणी चढू शकतं. १७ मे १९७४ ला केंब्रिजचा गाल्ट भाग पाण्याखाली गेला होता. ग्रँड रिव्हर कॉन्झर्व्हेशन ऑथॉरिटी नदीचा प्रवाह संकेतस्थळावर दाखवते. निघण्यापूर्वी तो बघायचा, पाणी गढूळ आणि चढतं असेल तर घरी चहा प्यायचा. मांडीच्या वर पाण्यात एकट्याने जायचं नाही. कायाकमध्ये बसलात तर प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि ते अंगात घातलेलं.

काठावर तीन पानांची पॉयझन आयव्ही आणि पुरुषभर उंचीची, छत्रीएवढ्या पांढऱ्या फुलांची जायंट हॉगवीड असते. हॉगवीडचा चीक लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड बघायची.

जागेचंही पाळा. झाडावर लाल रंगाचा पट्टा म्हणजे आत यायला मनाई, पिवळा म्हणजे मर्यादित परवानगी. ब्रँटफर्डच्या खाली सिक्स नेशन्स या मूलनिवासी लोकांची भूमी आहे. १७८४ मध्ये ब्रिटिश गव्हर्नर हॅल्डिमंडच्या घोषणेने या नदीच्या दोन्ही तीरांचा सहा-सहा मैलांचा पट्टा त्यांना दिला होता, त्यातला आज थोडासाच त्यांच्याकडे उरला आहे. तिथे त्यांच्या परवानगीशिवाय गळ टाकायचा नाही. आपण इथे पाहुण्यांचेही पाहुणे आहोत.

सप्टेंबर संपत आला की बहुतेक नवी मंडळी रॉड कपाटात टाकतात. टाकू नका. पाणी गार व्हायला लागलं की बास हिवाळ्यासाठी खाऊन घेतो आणि खोल डोहांकडे सरकतो. ऑक्टोबरच्या उन्हाच्या दुपारी, सकाळी नव्हे, ट्यूब जुलैपेक्षा अर्ध्या वेगाने तळावरून आणा. वर्षातला मोठा मासा बहुधा तेव्हाच लागतो. फक्त आता पाण्यात उतरायचं नाही, काठावरूनच फेकायचं, आणि निघताना सीझन कधी बंद होतोय ते पुन्हा एकदा बघून घ्यायचं.