डोमेनची बदली : आंब्याच्या पेट्या संपल्यावर

देवगडात वेबसाइटवरून आंबा विकत असाल किंवा तारकर्लीत खोल्या भाड्याने देत असाल, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, एका रजिस्ट्रारकडून (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे न्यायचं तर मार्च ते मे त्याला हात लावू नका. पेट्या संपू देत, पर्यटक परतू देत. डोमेनची मुदत मात्र तोवर संपत नाही ना, हे बघा. निदान महिनाभर शिल्लक हवी. मृगाच्या पहिल्या पावसात लाइट आणि रेंज दोन्ही जातात, ओटीपी कुठून येणार? तो आठवडा सोडाच.

मग डोमेन कोणाच्या नावावर आहे ते काढा. आपल्याकडे खरा घोळ इथेच. मुंबईच्या पुतण्याने कधीतरी हौसेने घेऊन दिलेलं असतं, ईमेल त्याच्या जुन्या ऑफिसचा असतो आणि तो भेटतो थेट गणपतीत. जमिनीला सातबाऱ्यावर नाव कोणाचं ते आधी बघतात, तसंच हे; पैसे दरवर्षी तुम्ही भरलेत, हे कोणी विचारत नाही. तरी घाईने नाव किंवा ईमेल बदलू नका. डॉटकॉमसारख्या डोमेनला त्यामुळे 60 दिवसांचं कुलूप लागू शकतं, तोवर बदली होत नाही. जुना ईमेल उघडत असेल तर पुतण्याच्याच नावावर डोमेन हलवा, नाव मागाहून बदला. डोमेन नवंच घेतलेलं असेल किंवा नुकतंच एकदा हलवलेलं असेल, तरीही 60 दिवस थांबणं आलंच.

सगळ्यात जास्त वेळ नेमसर्व्हरला द्या; तुमची साइट आणि मेल कुठे आहेत हे इंटरनेटला तेच सांगतात. ते जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर डोमेन गेल्यावर तो ते बंद करू शकतो. म्हणून त्याच्या पॅनेलमधले सगळे डीएनएस रेकॉर्ड (साइट-मेलच्या ठिकाणांच्या नोंदी) उतरवून घ्या, स्क्रीनशॉटही काढा. साइट उघडली की लोक निर्धास्त होतात. पण मेल कुठे पोचवायचा ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड नव्या जागी भरायचा राहिला तर बुकिंगचे मेल येतच नाहीत, आणि मेल खरा तुमचाच हे पटवणाऱ्या एसपीएफ-डीकेआयएमच्या टीएक्सटी ओळी भरायच्या राहिल्या तर तुमची पावती गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडते. डीएनएससेक (या रेकॉर्डवरची सुरक्षेची डिजिटल सही) चालू असेल तर आधी बंद करा, त्याची डीएस रेकॉर्ड नावाची नोंद निघाल्याची खात्री करा. मग नव्या जागी रेकॉर्ड भरून नेमसर्व्हर बदला, दोन दिवस मेल पाठवून-मागवून बघा, आणि मगच बदलीचा अर्ज.

बाकी काम किरकोळ. जुन्या रजिस्ट्रारकडे डोमेनचं लॉक काढा, ऑथ कोड (बदलीचा गुप्त कोड) मागा. तो त्याला 5 दिवसांत द्यावाच लागतो. कोड घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. नव्या रजिस्ट्रारकडे तो देऊन पैसे भरले की डॉटकॉमची मुदत सहसा एक वर्ष वाढते. जुना रजिस्ट्रार गप्प राहिला तरी 5 दिवसांनी बदली होते. त्याच्या मेलमधली रद्द करायची लिंक तेवढी चुकून दाबू नका. डॉट इनचा कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे, तिथले नियम वेगळे असू शकतात, नव्या रजिस्ट्रारला आधीच विचारा.

डोमेन आलं की पुन्हा लॉक लावा. होस्टिंग (साइटच्या फाइली ठेवायची जागा) जुन्याकडेच असेल तर तिथलं खातं बंद करू नका, डोमेनबरोबर साइट आपोआप येत नाही.