प्रतिमासृष्टीवर प्रकरण लिहिताय? या चुका टाळा

मराठीच्या प्रबंधात ‘प्रतिमासृष्टी’, म्हणजे कवीनं शब्दांतून उभ्या केलेल्या चित्रांविषयीचं, प्रकरण हमखास असतं आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यात कच्चं निघतं. कोल्हापुरात लघुप्रबंध आणि पीएच.डी.ची प्रकरणं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. चुका त्याच त्या. त्यातल्या दोन आता सोसवत नाहीत.

पहिली, वर्गीकरणालाच विवेचन समजणं. दृक्, श्राव्य, स्पर्श, गंध, रस असे रकाने आखायचे, ओळी भरायच्या, खाली ‘यावरून कवीच्या प्रतिमासृष्टीची समृद्धता दिसून येते’ असं लिहून मोकळं व्हायचं. बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेवर असंच एक प्रकरण एका विद्यार्थ्यानं माझ्याकडे आणलं. ‘सर, वर्गीकरण झालंय की. बाइंडिंगला टाकू?’ राजारामपुरीतलं दुकान बंद व्हायच्या आत त्याला पोचायचं होतं. तक्त्यात ‘गोड काळिमा’ दृक्-प्रतिमांत टाकलेला. मी म्हटलं, काळिमा डोळ्यांना दिसतो हे खरं, पण मग तो गोड कसा झाला? पोरगा गप्प.

तक्ता बाजूला ठेवून आम्ही आठही ओळी क्रमानं वाचल्या. आधी हिरवाळी आणि निळासावळा झरा. मग शेतमळ्यांची हिरवी गर्दी, तिच्यातून अडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट. ही वाट नजरेला कुरणांतून थेट काळ्या डोहाकडे नेते. पुढच्याच ओळीत काळा रंग पुन्हा येतो, पण या खेपेला गोड होऊन, आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. कविता उभी आहे ती रंगांच्या या क्रमावर. ओळी रकान्यांत वाटल्या की नेमका तोच मोडतो. प्रकरण बाइंडिंगला गेलं ते पुढच्या सत्रात, आणि चांगलं होऊन गेलं.

मोजदादीला माझा विरोध नाही. इंग्रजी समीक्षक कॅरोलाइन स्पर्जन यांनी १९३५ साली शेक्सपिअरच्या प्रतिमांचे तक्ते मांडले, पण त्यामागे त्याच्या साऱ्या नाटकांचं वाचन होतं. आठ ओळींच्या कवितेचा तक्ता कशाला? मी विद्यार्थ्यांना कविता आधी हातानं उतरवून काढायला लावतो आणि नजर कुठून कुठे जाते ते समासात लिहायला सांगतो. तक्ता काढायचाच असेल तर सगळ्यात शेवटी.

दुसरी चूक, दिसली प्रतिमा की केलं प्रतीक. त्याच प्रकरणात ‘काळा डोह हे मृत्यूचे प्रतीक आहे’ असं वाक्य होतं आणि आधाराला बालकवींचा १९१८ सालचा रेल्वे अपघाती मृत्यू. कविता त्याआधीची! कवीचं मरण मागे नेऊन त्याच्या ओळींत कोंबायचं, याला संशोधन म्हणत नाहीत. डोह आधी डोह असतो. त्याला प्रतीक म्हणायचं तर तो त्या कवीच्या इतर कवितांत कुठे आणि कोणत्या शब्दांच्या सोबतीनं येतो, ते दाखवा. शिवाय मृत्यू म्हणालात, तर तो ‘गोड’ का, याचंही उत्तर द्या. अडचणीचा शब्द वगळून काढलेला अर्थ मी मान्य करत नाही. ‘प्रतीक आहे’ लिहिलंत की त्याच परिच्छेदात ‘कारण’ आलं पाहिजे.

बाकीच्या थोडक्यात. ‘तरल’, ‘भावगर्भ’, ‘आशयघन’ खोडून वाक्य पुन्हा वाचा. काही उरत नसेल तर वाक्यही खोडा. ‘जणू’ दिसल्यावर अलंकाराचं नाव लिहून थांबू नका. संस्कृत काव्यशास्त्रातल्या आनंदवर्धनापासून सुरुवात केलीत, तर पुढच्या विवेचनात त्याच्या ‘ध्वनी’चा, म्हणजे शब्दांतून सुचवल्या जाणाऱ्या अर्थाचा, उपयोग दिसू द्या, नाहीतर ती पानं काढून टाका. दुसऱ्याच्या प्रबंधातून व्याख्या तळटीपेसकट उचलू नका. चुकीचे पृष्ठक्रमांक असेच एका प्रबंधातून दुसऱ्यात जातात आणि घाईत कुणी ते तपासत नाही.

अवतरणं मोबाइलवरून उतरवू नका. ‘औदुंबर’च्या दुसऱ्या ओळीतल्या ‘बेटाबेटांतुन’मधला ऱ्हस्व ‘तु’ दीर्घ केलात की ओळीची लय बिघडते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरंही फुटतात. १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय आपल्या कोल्हापुरात आहे. तिथे जाऊन छापील प्रत काढा, शेजारी कुणाला तरी बसवा, त्यानं मोठ्यानं वाचावं आणि तुम्ही आपल्या पानावर अक्षर न् अक्षर ताडून बघावं.